तीस रेषांतला चेहरा

लॅपटॉप खरेदी करायला निघालेल्या ग्राहकाच्या हाती जे माहितीपत्रक पडते, त्यात प्रोसेसर आणि मेमरीच्या खालोखाल पडद्याविषयीची एक ओळ असते. १३६६ गुणिले ७६८, १९२० गुणिले १०८० किंवा ३८४० गुणिले २१६०. शेजारी एचडी, फुल एचडी, फोर-के अशी बिरुदे लावलेली असतात. आकडा जितका मोठा तितका पडदा चांगला, अशी बहुतेकांची समजूत असते आणि विक्रेताही ती फारशी खोडून काढत नाही. खरे तर या आकड्यांचा अर्थ साधा आहे. पहिला आकडा म्हणजे पडद्यावरच्या एका आडव्या रेषेत बसवलेल्या ठिपक्यांची, अर्थात पिक्सेलची संख्या. दुसरा म्हणजे अशा रेषा एकाखाली एक किती आहेत ती संख्या. चित्र रेषांमध्ये मोडायचे, रेषा ठिपक्यांमध्ये मोडायची आणि दुसऱ्या टोकाला ते ठिपके त्याच क्रमाने पुन्हा मांडायचे, ही त्यामागची मूळ कल्पना.

ही कल्पना राबवून जिवंत माणसाचा चेहरा छायाप्रकाशासह पडद्यावर उमटवून दाखवणाऱ्या संशोधकाच्या चित्रात रेषा होत्या जेमतेम ३०. त्यानंतर अकरा वर्षांनी रेषांच्याच मोजणीत त्याची हार झाली. आज प्रत्येक पडद्यावर मिरवणाऱ्या ‘हाय डेफिनिशन’ या शब्दप्रयोगाला सरकारी व्याख्या मिळाली ती याच काळात, आणि त्या व्याख्येने सर्वप्रथम बाद केले ते त्याच्या ३० रेषांना. या संशोधकाचे नाव जॉन लोगी बेअर्ड.

बेअर्ड यांचा जन्म १३ ऑगस्ट १८८८ रोजी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील हेलेन्सबरो या गावी झाला. क्लाइड नदी जेथे समुद्राला मिळते त्या परिसरातले हे टुमदार गाव. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक, तर आई ग्लासगोच्या जहाजबांधणी व्यवसायातील सधन घराण्यातली. चार भावंडांत जॉन सर्वांत धाकटे. बालपणीच्या एका गंभीर आजाराने त्यांची प्रकृती जी खालावली ती कधीच पुरती सुधारली नाही. सर्दी, ताप आणि थंडीची धास्ती यांनी त्यांची आयुष्यभर सोबत केली. मैदानी खेळांपेक्षा त्यांचे मन तारा, बॅटऱ्या आणि छायाचित्रणात रमे. शाळकरी वयातच त्यांनी आपल्या घरापासून आसपासच्या मित्रांच्या घरांपर्यंत तारा ओढून एक छोटे टेलिफोन केंद्र उभारले होते. घरात विजेचे दिवेही त्यांनी स्वतः तयार केलेल्या व्यवस्थेवर पेटवले होते.

ग्लासगोच्या तंत्रमहाविद्यालयात त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. पुढे बीबीसीचे प्रमुख झालेले जॉन रीथ हेही त्याच संस्थेचे विद्यार्थी. या दोघांची वाट उत्तरायुष्यात पुन्हा एकमेकांना छेदणार होती. बेअर्ड ग्लासगो विद्यापीठात पदवीचा अभ्यास करू लागले तोच पहिले महायुद्ध पेटले. प्रकृतीच्या कारणास्तव सैन्याने त्यांना नाकारले. मग ते एका वीज कंपनीत नोकरीला लागले. तेथे असताना कार्बनमधून प्रचंड विद्युतप्रवाह सोडून कृत्रिम हिरे तयार करण्याचा प्रयोग त्यांनी केला. हिरे काही मिळाले नाहीत. त्या भागाचा वीजपुरवठा मात्र खंडित झाला.

नोकरी सुटली आणि उद्योगांची मालिका सुरू झाली. थंडीत पाय उबदार ठेवणाऱ्या विशेष मोज्यांचा धंदा त्यांनी केला आणि त्यात बऱ्यापैकी पैसाही मिळवला. उष्ण हवामानात प्रकृती सुधारेल या आशेने ते वेस्ट इंडिजमधील त्रिनिदादला गेले. तेथे मुबलक मिळणाऱ्या फळांपासून जॅम बनवण्याचा कारखाना त्यांनी काढला. उकळत्या कढयांवर किड्यांचे थवेच्या थवे येऊन पडू लागल्याने तो उद्योग गुंडाळावा लागला. लंडनला परतल्यावर साबणाचा व्यापार झाला. प्रत्येक वेळी धंदा जरा सावरला की तब्येत कोसळे. १९२३ साली वयाच्या पस्तिशीच्या उंबरठ्यावर ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज गावी विश्रांतीसाठी जाऊन राहिले, तेव्हा त्यांच्यापाशी ना नोकरी होती, ना धंदा, ना फारशी शिल्लक. याच रिकामपणात विद्यार्थिदशेपासून मनात घोळणारा जुना विषय त्यांनी पुन्हा हाती घेतला. हा विषय म्हणजे दूरवरचे दृश्य तारेने किंवा बिनतारी लहरींनी पाठवणे.

कल्पना त्यांची एकट्याची नव्हती. सेलेनियम या मूलद्रव्यावर प्रकाश पडला की त्याची विद्युतवहनक्षमता बदलते, हे १८७३ मध्ये विलोबी स्मिथ यांनी जाहीर केले होते. प्रकाशाचे विजेत रूपांतर करण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. परंतु अख्खे दृश्य एकाच तारेतून एकदम पाठवता येत नाही. त्याचे तुकडे करून एकामागून एक पाठवावे लागतात. यावर पॉल निपको या जर्मन विद्यार्थ्याने तोडगा काढला आणि १८८४ मध्ये बर्लिनमध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. एका गोल तबकडीवर सर्पिलाकार भोके पाडायची आणि ती फिरवायची. पहिले भोक दृश्यावरून एक रेषा ओढत जाते, त्याच्या किंचित आत असलेले दुसरे भोक शेजारची रेषा ओढते. तबकडीची एक फेरी पुरी झाली की संपूर्ण चित्र टिपून होते. भोके जितकी, तितक्या चित्रातल्या रेषा. स्वीकारणाऱ्या टोकाला तशीच तबकडी तितक्याच वेगाने फिरवून तिच्यामागचा दिवा विजेच्या चढउतारानुसार उजळ आणि मंद केला की तेच चित्र पुन्हा साकार होते. निपकोची ही तबकडी चाळीस वर्षे बहुतांशी कागदावरच राहिली होती, कारण सेलेनियमपासून मिळणारा विद्युतसंकेत अत्यंत क्षीण असे आणि तो वाढवण्याचे साधन त्या काळी उपलब्ध नव्हते. रेडिओसाठी विकसित झालेल्या व्हॉल्व्हमुळे ती अडचण विसाव्या शतकात दूर झाली.

हेस्टिंग्जमधील भाड्याच्या खोलीत बेअर्ड यांनी जे यंत्र जुळवले, त्याचे सामान ऐकून आजही हसू येईल. हॅट ठेवण्याचा डबा, चहाचे खोके, रफू करण्याच्या सुया, सायकलच्या दिव्याची भिंगे, लाख आणि सरस. दोऱ्यांनी बांधलेल्या या डोलाऱ्यातून १९२४ च्या सुमारास साध्या आकृतीची छाया काही फुटांवर पाठवण्यात त्यांना यश आले. त्याच वर्षी जुलै महिन्यात हजार व्होल्टच्या विजेचा धक्का बसून ते खोलीत फेकले गेले. हाताला भाजण्यावर निभावले, पण जागामालकाने जागा सोडायला सांगितले. बेअर्ड आपले यंत्र घेऊन लंडनला आले आणि सोहो भागातील फ्रिथ स्ट्रीटवरच्या २२ क्रमांकाच्या इमारतीत पोटमाळ्याच्या दोन खोल्यांत त्यांनी बस्तान मांडले.

पैशाची चणचण इतकी होती की १९२५ च्या वसंतात सेल्फ्रिजेस या बड्या दुकानात तीन आठवडे ग्राहकांपुढे आपल्या यंत्राचे खेळ करून दाखवण्याचे काम त्यांनी पत्करले. लोकांना दिसत ती केवळ धूसर आकृत्यांची बाह्यरेषा. चेहऱ्यावरील छटा अद्याप उमटत नव्हत्या. प्रयोगासाठी लागणाऱ्या दिव्यांची उष्णता इतकी प्रखर होती की त्यापुढे माणसाला फार वेळ बसवणे शक्य नव्हते. म्हणून शब्दभ्रमकार वापरतात तसल्या बाहुल्याचे डोके त्यांनी समोर ठेवले. या बाहुल्याचे नाव स्टुकी बिल. २ ऑक्टोबर १९२५ रोजी त्या बाहुल्याचा चेहरा नाक, डोळे आणि भुवयांसह पडद्यावर प्रथम स्वच्छ दिसला. बेअर्ड धावत खालच्या मजल्यावर गेले आणि तेथील कार्यालयात काम करणाऱ्या विल्यम टेंटन या तरुणाला ओढतच वर घेऊन आले. उष्णतेने तो बिचारा मागे सरकला, तेव्हा त्याच्या हातावर अर्धा क्राऊन ठेवून त्याला पुन्हा दिव्यांसमोर बसवावे लागले. अशा प्रकारे टेंटनचा चेहरा दूरचित्रवाणीवर झळकला.

२६ जानेवारी १९२६ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनचे सुमारे चाळीस सभासद आणि ‘द टाइम्स’चा वार्ताहर अरुंद जिना चढून गटागटाने त्या पोटमाळ्यावर आले. त्यांनी जे पाहिले ते लहान, धूसर आणि थरथरणारे चित्र होते. तरीही समोरच्या खोलीतील माणसाची मुद्रा त्यात ओळखू येत होती. छायाप्रकाशासह हलत्या चेहऱ्याचे हे पहिले जाहीर प्रात्यक्षिक मानले जाते.

पुढची दोन-अडीच वर्षे विलक्षण धामधुमीची गेली. मे १९२७ मध्ये टेलिफोनच्या तारांवरून लंडन ते ग्लासगो असे चारशेहून अधिक मैलांचे अंतर चित्राने पार केले. फेब्रुवारी १९२८ मध्ये लंडनहून निघालेले चित्र अटलांटिक महासागर ओलांडून न्यूयॉर्कजवळ पोहोचले. त्याच वर्षी जुलैमध्ये बेअर्ड यांनी रंगीत चित्राचे प्रात्यक्षिक करून दाखवले. चित्राचे संकेत ग्रामोफोनच्या तबकडीवर ध्वनिमुद्रणाप्रमाणे नोंदवून ठेवण्याचेही प्रयोग त्यांनी केले. एका आजारी, एकांडा संशोधक म्हणून ज्याची संभावना होत होती, त्याचे नाव आता जगभरच्या वृत्तपत्रांत झळकू लागले.

या साऱ्या यशाच्या मुळाशी ३० हा आकडा होता आणि तो लहरीखातर निवडलेला नव्हता. बेअर्ड यांचे चित्र उभट असे. उंची रुंदीच्या सव्वादोन पटींहून थोडी अधिक, आणि रेषा आडव्या नसून उभ्या. त्यांच्या चित्रात ३० रेषा आणि प्रत्येक रेषेत सुमारे ७० ठिपके, म्हणजे एकूण २१०० ठिपक्यांइतका तपशील मावत असे. तबकडी मिनिटाला ७५० फेरे घेई. म्हणजे सेकंदाला साडेबारा चित्रे. गुणाकार केला तर सेकंदाला सव्वीस हजारांवर ठिपके. एवढी माहिती त्या काळच्या मध्यम लहरींच्या रेडिओवर, आवाजासाठी राखलेल्या अरुंद पट्ट्यात कशीबशी बसवता येई. रेषा वाढवायच्या तर हा पट्टा रुंद हवा, आणि रुंद पट्टा द्यायचा तर नव्या, अतिलघु लहरींचे प्रक्षेपक हवेत. शिवाय तबकडीच्या आकाराचीही मर्यादा होती. रेषा दुप्पट केल्या तर तेवढ्याच तबकडीतील भोकाचे क्षेत्रफळ अनेक पटींनी कमी होते आणि त्यातून येणारा प्रकाशही तितकाच घटतो. म्हणून बेअर्ड यांनी उपलब्ध साधनांत काय दाखवता येईल याचा विचार केला. एका माणसाचा चेहरा आणि खांदे ओळखण्यापुरत्या ३० रेषा पुरतात, हे त्यांनी हेरले होते. चित्र उभट ठेवले तेही त्यासाठीच.

३० सप्टेंबर १९२९ रोजी बीबीसीच्या प्रक्षेपकावरून या चित्रांचे प्रायोगिक प्रसारण सुरू झाले. आरंभी एकच प्रक्षेपक मिळत असल्याने आधी चित्र आणि मग आवाज अशी विचित्र कसरत करावी लागे. ३१ मार्च १९३० पासून दोन्ही एकदम जाऊ लागले. त्याच वर्षी जुलै महिन्यात पिरांदेलो यांची एक एकांकिका प्रसारित झाली. पात्रे मोजकी, हालचाल बेताची आणि बव्हंशी चेहऱ्यावरचा अभिनय अशी ही संहिता ३० रेषांच्या चौकटीत बसण्याजोगी होती. घरी हे चित्र पाहण्यासाठी ‘टेलिव्हायजर’ नावाचा संच विक्रीला आला. त्याचा पडदा पोस्टकार्डाहून लहान होता. निऑन दिव्यामुळे चित्र नारिंगी छटेचे दिसे आणि भिंगातून ते न्याहाळावे लागे. साडेबारा चित्रांच्या वेगामुळे ते सतत लुकलुकत असे. १९३१ मध्ये डर्बीच्या घोड्यांच्या शर्यतीचे थेट प्रसारण करण्याचे धाडसही बेअर्ड यांनी केले. धावणारे घोडे ठिपक्यांसारखे सरकून जात. कोणता घोडा पुढे, हे सांगण्यासाठी निवेदकाचीच मदत लागे. चेहऱ्याला पुरणाऱ्या रेषा मैदानाला पुरत नाहीत, हे त्या दिवशी उघड झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क येथे पियानोवादक मार्गारेट अल्बू यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

दरम्यान वारे बदलत होते. इंग्लंडमध्येच ईएमआय या कंपनीने आयझॅक शोनबर्ग यांच्या नेतृत्वाखाली अभियंत्यांचा मोठा चमू उभा केला होता. या मंडळींनी फिरती तबकडी पूर्णपणे टाकून दिली. निर्वात नळीतील इलेक्ट्रॉनचा झोत चुंबकीय शक्तीने वळवून त्यानेच रेषा ओढायच्या, अशी त्यांची रीत. झोताला ना वजन, ना भोकाची मर्यादा. त्यामुळे रेषा शेकड्यांनी वाढवता येत. बेअर्ड यांच्यापाशी ध्यास आणि कल्पकता होती, तर प्रतिस्पर्ध्याकडे प्रयोगशाळा, भांडवल आणि निरनिराळ्या विषयांतले तज्ज्ञ होते. खुद्द बेअर्ड यांच्या कंपनीची सूत्रेही एव्हाना भांडवलदारांच्या हाती गेली होती.

दूरचित्रवाणीची नियमित सेवा कोणत्या पद्धतीने सुरू करावी हे ठरवण्यासाठी ब्रिटिश सरकारने १९३४ मध्ये लॉर्ड सेल्सडन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जानेवारी १९३५ मध्ये तिचा अहवाल आला. सार्वजनिक सेवेसाठी ‘हाय डेफिनिशन’ चित्र हवे, आणि हाय डेफिनिशन म्हणजे किमान २४० रेषा व सेकंदाला किमान २५ चित्रे, असा दंडक समितीने घालून दिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३० रेषांचे प्रसारण बंद झाले. ज्यांनी पैसा आणि रात्री खर्चून ते संच जपले होते, त्यांच्या घरी ते शोभेची वस्तू होऊन राहिले.

बेअर्ड कंपनीने २४० रेषांचे चित्र तयार केले, तर ईएमआयने मार्कोनी कंपनीच्या साथीने थेट ४०५ रेषांवर उडी घेतली. रेषांखेरीज आणखी एक फरक होता. बेअर्ड पद्धतीत सेकंदाला २५ संपूर्ण चित्रे एकापाठोपाठ दाखवली जात, त्यामुळे लुकलुक जाणवे. प्रतिस्पर्ध्याने प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत विभागले. आधी विषम रेषा, मग सम रेषा. सेकंदाला ५० वेळा पडदा उजळत असल्याने डोळ्याला लुकलुक फारशी जाणवत नसे. आजच्या पडद्यांच्या वर्णनात १०८० या आकड्यापुढे कधी ‘पी’ तर कधी ‘आय’ हे अक्षर दिसते, त्याचा उगम याच भेदात आहे. पी म्हणजे सलग रेषा, आय म्हणजे एकाआड एक रेषा. लॅपटॉपचा पडदा सलग पद्धतीचा असतो आणि तो सामान्यतः सेकंदाला ६० वेळा ताजा होतो.

समितीने दोन्ही पद्धतींना संधी देण्याचे ठरवले. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये दोन स्टुडिओ उभारले गेले आणि एकेक आठवडा आलटून पालटून प्रसारण करायचे असे ठरले. २ नोव्हेंबर १९३६ रोजी उद्घाटन झाले. आधी कोणी, याचा कौल नाणे उडवून घेतला गेला आणि तो बेअर्ड यांच्या बाजूने लागला. तेवढेच काय ते नशिबाने साथ दिली. त्यांच्या स्टुडिओतील मुख्य पद्धतीत आधी दृश्य चित्रपटाच्या फितीवर टिपले जाई. ती फीत तेथेच रसायनांतून काढून सुमारे एका मिनिटात धुतली जाई आणि ओली असतानाच तिच्यावरून रेषा ओढल्या जात. कॅमेरा जागेवरून हलवता येत नसे. शेजारच्या स्टुडिओत मात्र एमिट्रॉन कॅमेरे सहजपणे इकडेतिकडे फिरत, बागेत नेले जात आणि घडते दृश्य त्याच क्षणी दाखवत.

स्पर्धा चालू असतानाच ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री क्रिस्टल पॅलेसला आग लागली. काचेच्या त्या भव्य वास्तूच्या आवारात बेअर्ड कंपनीच्या प्रयोगशाळा होत्या. मौल्यवान उपकरणांची राखरांगोळी झाली. तथापि निकाल आगीमुळे लागला असे म्हणता येणार नाही. तो दोन स्टुडिओंमधील फरकाने आधीच लागत आला होता. फेब्रुवारी १९३७ च्या आरंभी बेअर्ड पद्धत वगळून ४०५ रेषांची पद्धत कायम केल्याची घोषणा झाली. दूरचित्रवाणीचे स्वप्न ज्याने साऱ्या देशाला दाखवले, त्याच्या यंत्रांना तीन महिन्यांत दूरचित्रवाणीच्या घरातून बाहेर पडावे लागले.

बेअर्ड यांच्या चरित्राचा खरा कस लागतो तो यानंतर. फिरत्या तबकडीवर त्यांनी गरजेपेक्षा अधिक काळ विश्वास ठेवला, ही त्यांची चूक निर्विवाद आहे. जे यंत्र आज चालते आहे ते उद्याही पुरेल, असा मोह यशस्वी माणसाला पडतोच. पण पराभवानंतर कुढत बसण्याऐवजी त्यांनी हार ज्या कारणाने झाली तेच कारण अभ्यासाचा विषय केले. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच बीबीसीची दूरचित्रवाणी बंद पडली आणि त्यांची कंपनीही बुडाली. कुटुंबाला लंडनबाहेर सुरक्षित जागी पाठवून बेअर्ड आपल्या सिडनहॅम येथील घराजवळच्या प्रयोगशाळेत बॉम्बवर्षावाच्या सावटाखाली काम करत राहिले. पदरचा पैसा आणि दोन-तीन साहाय्यक, एवढाच फौजफाटा. त्या बळावर त्यांनी ६०० रेषांचे रंगीत चित्र सिद्ध केले. १६ ऑगस्ट १९४४ रोजी त्यांनी पत्रकारांना ‘टेलिक्रोम’ नळी दाखवली. तिच्यात फिरणारा एकही भाग नव्हता. पारदर्शक पातळ पट्टीच्या दोन्ही बाजूंवर निरनिराळ्या रंगांचा लेप आणि त्यावर दोन बाजूंनी पडणारे इलेक्ट्रॉनचे झोत, अशी तिची रचना होती. आयुष्यभर तबकड्या फिरवणाऱ्या माणसाने अखेर तबकडीला निरोप दिला होता.

युद्धोत्तर दूरचित्रवाणीचा विचार करण्यासाठी १९४३ मध्ये लॉर्ड हँकी यांची समिती नेमली गेली, तेव्हा बेअर्ड यांनी तिच्यापुढे सुमारे १००० रेषांच्या रंगीत दूरचित्रवाणीचा आग्रह धरला. समितीनेही तूर्त ४०५ रेषांची सेवा पुन्हा सुरू करावी आणि पुढे हजार रेषांच्या दिशेने जावे, असे सुचवले. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या ब्रिटनला ती झेप परवडणारी नव्हती. ७ जून १९४६ रोजी जुन्याच ४०५ रेषांवर बीबीसीची दूरचित्रवाणी पुन्हा सुरू झाली. त्यानंतर आठवडाभरात, १४ जून १९४६ रोजी, बेक्सहिल या सागरकाठच्या गावी वयाच्या ५७ व्या वर्षी बेअर्ड यांचे निधन झाले. जन्मगाव हेलेन्सबरो येथे त्यांचे दफन झाले.

ज्या ४०५ रेषांनी त्यांना हरवले, त्या ब्रिटनमध्ये १९८५ पर्यंत तग धरून होत्या. भारताने १९५९ मध्ये दिल्लीत दूरचित्रवाणी सुरू केली ती ६२५ रेषांवर. त्यांपैकी प्रत्यक्ष चित्राच्या रेषा ५७६. मुंबई दूरदर्शनचे प्रसारण सुरू झाले तो दिवस २ ऑक्टोबर १९७२. स्टुकी बिलचा चेहरा उमटला त्याला योगायोगाने त्याच दिवशी ४७ वर्षे पूर्ण झाली होती. चाळीतल्या एखाद्या घरी गर्दी करून ज्यांनी ते कृष्णधवल चित्र पाहिले, त्यांना ५७६ रेषा कधी कमी वाटल्या नाहीत, कारण छोट्या पडद्यापासून ते पुरेसे लांब बसलेले असत. बेअर्ड यांनी कल्पिलेल्या हजार रेषांच्या घरात जग पोहोचले ते १०८० रेषांच्या पडद्यांबरोबर, त्यांच्या मृत्यूनंतर अर्धशतकाने.

लॅपटॉपच्या माहितीपत्रकाकडे या पार्श्वभूमीवर पाहिले की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. बेअर्ड यांच्या चित्राच्या जवळजवळ हजारपट. १३६६ गुणिले ७६८ म्हणजे त्याच्या निम्म्याहून किंचित जास्त, सुमारे साडेदहा लाख. ‘एचडी’ हे बिरुद १९३५ मध्ये २४० रेषांना लागत होते, वर्षभरात ते ४०५ रेषांनी पटकावले आणि लॅपटॉपच्या बाजारात ते ७६८ रेषांनाही चिकटले. बिरुदाचा अर्थ काळानुसार सरकत असतो. म्हणून त्यामागचा आकडा पाहावा हे बरे.

आकडाही एकटा पुरेसा नसतो. तेच ठिपके किती जागेत पसरले आहेत, हे पाहावे लागते. १५.६ इंची पडद्यावर १३६६ गुणिले ७६८ ठिपके बसवले तर इंचाला सुमारे १०० पडतात, १९२० गुणिले १०८० बसवले तर सुमारे १४१. निरोगी डोळा साधारणतः अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखू शकतो. ५५-६० सेंटिमीटर अंतरावरच्या पडद्यावर हे माप मिलिमीटरच्या सहाव्या भागाच्या आसपास येते. पहिल्या पडद्यावरचा ठिपका त्याहून स्पष्टपणे मोठा, सुमारे पाव मिलिमीटरचा असतो. त्यामुळे बारीक अक्षरांच्या कडा खरबरीत भासतात. दुसऱ्यावरचा ठिपका या मापाच्या जवळ येतो. त्याच आकारात ३८४० गुणिले २१६० ठिपके घातले तर ठिपका डोळ्याच्या आवाक्यापलीकडे बारीक होतो. अक्षरे अधिक रेखीव दिसतात खरी, पण लाभ आकड्याच्या प्रमाणात वाढत नाही आणि बॅटरीवरील भार मात्र वाढतो. शिवाय लॅपटॉपच्या पडद्यावरचे ठिपके कारखान्यातच कायमचे बसवलेले असतात, तबकडीवरच्या भोकांसारखे. त्यामुळे मूळ संख्येपेक्षा कमी रिझोल्यूशन निवडले की चित्र पुसट होते. अक्षरे लहान वाटत असतील तर रिझोल्यूशन कमी न करता अक्षरांचा आकार वाढवणे हाच योग्य उपाय.

दिवसभर मजकूर वाचणारा, छायाचित्रे संपादित करणारा आणि अधूनमधून पत्रव्यवहार पाहणारा यांची गरज एकच नसते. काय दाखवायचे, किती मोठ्या पडद्यावर आणि किती अंतरावरून, हे तीन प्रश्न बेअर्ड यांनी शंभर वर्षांपूर्वी स्वतःला विचारले होते. चेहऱ्यापुरते त्यांचे उत्तर बरोबर ठरले. जगाला मैदान पाहायचे होते, तेथे ते अपुरे पडले.

त्यांनी ग्रामोफोनच्या तबकड्यांवर नोंदवून ठेवलेली चित्रे त्यांच्या हयातीत कधी समाधानकारकपणे दिसू शकली नाहीत. १९८० च्या दशकापासून संगणकाच्या साहाय्याने ती खरखर दूर करून पुन्हा साकारण्यात आली. त्यांत डोके हलवणारा स्टुकी बिल आहे, १९२८ च्या सुमारासची हसरी तरुण मुद्राही आहे. लाखो ठिपके सामावणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर त्या तीस रेषा उमटतात, तेव्हा चित्र अंधूक असूनही समोर माणूस आहे हे कोणालाही सांगावे लागत नाही.